तिसरी चोच

वनखात्यातून निवृत्त झालेली बाई आहे हे कळलं की नाशिकमध्ये पहिला प्रश्न बिबट्याचा येतो. "तुम्ही पकडलाय का हो?" मी हो म्हणते, कारण पकडलेत, आणि नाही म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. या अंकाच्या संपादकांनीही माझ्याकडे बिबट्याच मागितला होता. उसातला, बंगल्याच्या जिन्याखालचा, कुठलाही चालेल म्हणाले. मी त्यांना सांगितलं, बिबट्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मला एका पाखराबद्दल लिहू द्या. ते जरा हिरमुसले, पण नाही म्हणाले नाहीत.

माझे वडील पेठच्या बाजूला वनमजूर होते. नोकरीत असतानाच ते गेले आणि त्यांच्यामागे मी खात्यात लागले. वनरक्षक म्हणून शिरले, वनपाल म्हणून बाहेर पडले. आधीची वर्षं डोंगरात गेली, वणवे विझवण्यात आणि लाकूडतोड्यांशी हुज्जत घालण्यात. शेवटची बाराएक वर्षं शहरात मिळाली. शहरातली ड्यूटी म्हणजे लोकांच्या घरात काहीतरी शिरतं आणि आपल्याला फोन येतो. साप, माकड, मांज्यात अडकलेली घार, आणि घुबड. घुबड दिसलं तर काही लोक आधी गुरुजींना फोन लावतात आणि मग आम्हाला. तोवर त्या बिचाऱ्याच्या अंगावर हळदकुंकू पडलेलं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते शाहीन ससाण्यानं, आणि ससाण्याविषयी सर्वांत जास्त शिकवलं ते एका कबुतरवाल्यानं.

ज्यांनी ससाणा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कावळ्याएवढा पक्षी, पोट तांबूस, डोक्यावर काळी टोपी आणि गालावर मिशीसारखा काळा पट्टा. मादी नरापेक्षा चांगली थोराड असते. हवेतल्या हवेत पाखरू मारतो. उंचावरून पंख मिटून खाली येतो तेव्हा डोळ्याला फक्त एक रेघ दिसते. हा घरटं बांधत नाही. कड्याच्या कपारीत, मातीखडीत छातीनं खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. अंजनेरीच्या, ब्रह्मगिरीच्या बाजूचे कडे त्याचं माहेर. पण आपण गावातच कडे बांधायला लागलो. उंच इमारतीचा सज्जा त्याला कपारीसारखाच वाटतो, आणि खायला कबुतरं शहरात हवी तेवढी. पाथर्डी फाट्याच्या पुढे भागीदारांच्या कज्ज्यात काम थांबलेली एक चौदा मजली इमारत होती. रंग नाही, खिडक्या नाहीत, माणूस फक्त एक, वॉचमन पवारबाबा. तिच्या तेराव्या मजल्यावरच्या सज्ज्यावर ससाण्याच्या जोडीनं संसार मांडला. पडलेली वाळू-खडी त्यांना आयतीच मिळाली.

त्या जोडीची पहिली बातमी मला पक्षिमित्रांकडून मिळाली नाही, अर्जातून मिळाली. सिडकोतले गांगुर्डेकाका तो अर्ज घेऊन आमच्या कार्यालयात आले. अंबडच्या कारखान्यात आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेला माणूस, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. घराच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ. अर्जात लिहिलं होतं की, सदर ससाणा पक्षी अर्जदाराची पाळीव कबुतरे वारंवार पळवीत असून, सदर पक्ष्याची अन्यत्र बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती.

मला हसू आलं. मी त्यांना म्हटलं, माझ्या स्वतःच्या बदलीचा अर्ज चार वर्षं वर पडून आहे, ससाण्याची कुठून करू? त्यांना मात्र हसू आलं नाही. कोणकोणती पाखरं गेली ते त्यांनी नावानिशी सांगितलं. कोणाचा गळा कसा घुमायचा, कोण किती वेळ हवेत राहायचं. मग ढाबळीत उरलेल्यांचंही तसंच. मी सरकारी तोंड केलं आणि समज दिली की हा पक्षी कायद्यानं संरक्षित आहे, परिशिष्ट एकमध्ये आहे, त्याला दगड जरी मारला तरी तुरुंगाची हवा खावी लागेल. गांगुर्डेकाका म्हणाले, "तुमचं पाखरू परिशिष्ट एकमधी. मग मॅडम, माझं कुठल्या परिशिष्टात हाय?"

मी अर्ज आवक-नोंदीत घेतला आणि फाईलला लावला. त्यानंतर ते दर महिन्याला येऊन अर्जाचं काय झालं ते विचारू लागले, आणि मी दर महिन्याला विचाराधीन आहे म्हणून सांगू लागले.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती मी खात्यातल्या लोकांनाही फारशी सांगितलेली नाही.

शहरात नवीन असताना एका शाळेतून फोन आला, पटांगणात शिकारी पक्ष्याचं पिल्लू पडलंय. मी गेले. पांढऱ्या लवेचा गोळा, त्यातून नुकती पिसं डोकावत होती. वर दोन ससाणे घिरट्या घालून भयंकर ओरडत होते, माझ्या डोक्यापर्यंत खाली येत होते. मला वाटलं, हे पिल्लाला खायला टपलेत. मी टोपलीखाली झाकून त्याला मोठ्या शौर्यानं वाचवून आणलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते दोघे त्याचे आईबाप होते आणि घरटं शेजारच्या पाण्याच्या टाकीवर होतं, हे मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

त्या महिन्यात मी त्याला घरी वाढवलं. हातानं भरवलं, बाळ्या म्हणून हाक मारली, स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर बसवलं. तो मोठा झाल्यावर डोंगरात नेऊन दोनदा सोडला. दोन्ही वेळा तो माणसं शोधत खाली आला. एकदा चहाच्या टपरीवर गिऱ्हाईकाच्या डोक्यावर बसला. त्याला वाटत होतं, आपण माणूस आहोत. शेवटी त्याला कार्यालयाच्या आवारातल्या पिंजऱ्यात ठेवावं लागलं आणि तिथे तो सहा वर्षं जगला. माझ्या स्कूटरचा आवाज आला की तो जाळीला धरून ओरडायचा, पिल्लू खायला मागतं तसा. लोक म्हणायचे, मॅडमवर किती जीव आहे बघा. मला तिथे जाववत नसे. वाकडी वाट करून, स्कूटर लांब लावून मी चालत आत जायचे. एका आकाशातल्या जिवाचं मी हे करून ठेवलं, आणि तेही मायेनं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर काही वर्षांनी, मार्च महिन्यात, शहराबाहेरच्या एका डोंगरावर दरड कोसळली. खालच्या बाजूला काम करणारी माणसं एक घमेलं घेऊन आमच्या कार्यालयात आली. घमेल्यात फाटक्या गोणपाटावर ससाण्याचं पिल्लू, जेमतेम तीन आठवड्यांचं. कपारच ढासळली होती. मादी आणि दोन पिल्लं दगडांखाली गेली होती, हे एकटं वाचलं. दोन दिवस आम्ही दुर्बीण लावून बसलो. पहिल्या दिवशी नर एकदोनदा दिसला, मग तोही दिसेना. आणि परत ठेवायचं म्हटलं तरी जागाच उरली नव्हती.

आमच्या मदतीला डॉक्टर सायली होती, पशुवैद्यक, वयानं माझ्या मुलीएवढी. ती म्हणाली, "मॅडम, हे आपण वाढवलं तर त्याचा बाळ्या होईल." तिला ती गोष्ट ठाऊक होती. मग तिनंच सुचवलं की परदेशात अशी पिल्लं दुसऱ्या जोडीच्या घरट्यात ठेवतात, पाथर्डी फाट्याच्या सज्ज्यावर दोन पिल्लं आहेत, साधारण याच वयाची. वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, करून बघा, पण पेपरवाल्यांना आधी सांगू नका. आमच्यापैकी कोणीही हे पूर्वी केलेलं नव्हतं. मादी त्याला सज्ज्यावरून खाली ढकलेल, चोचीनं फोडेल, की जवळ घेईल, कोणालाच माहीत नव्हतं.

पिल्लू अशक्त होतं, म्हणून चार दिवस कार्यालयातल्या मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. द्राक्षाचे दिवस होते. द्राक्षाचं रिकामं खोकं आणि त्यातलीच कागदाची कात्रणं त्याला अंथरूण म्हणून मिळाली. या वेळी मी फार काळजी घेतली. त्याला माणूस दिसता कामा नये म्हणून सायलीनं एक काळा मोजा शिवून त्याला पिवळ्या दोऱ्याचे डोळे आणि चोच लावली. तो मोजा हातावर चढवायचा, पडद्याआडून हात घालायचा आणि मोज्याच्या चोचीतल्या चिमट्यानं मांसाचे तुकडे भरवायचे. नाव ठेवलं नाही. आपण शहाणे झालो, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गांगुर्डेकाका आपल्या अर्जासाठी आले. मी मागच्या खोलीत भरवत होते, तर ते दारात येऊन उभे राहिले. ज्याच्या जातीनं त्यांची पाखरं खाल्ली ते पिल्लू त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी थोडक्यात सांगितलं, परक्या घरट्यात ठेवणार आहोत आणि भीती वाटते. ते म्हणाले, "यात काय एवढं? आम्ही रोज करतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी डायरीत लिहून घेतलं. कबुतरवाले असंच करतात. चांगल्या जोडीची अंडी दुसऱ्या जोडीखाली ठेवतात, आईबाप गेलेलं पिल्लू शेजारच्या खणात सरकवतात. नेम एवढेच, की वय जुळलं पाहिजे आणि वय वजनावरून बघायचं नाही, पिसांच्या नळ्या किती फुटल्यात त्यावरून बघायचं. आईबाप दाण्यावर असताना ठेवायचं. त्याच घरट्यातली माती अंगाला लावायची. आणि पोट भरून ठेवायचं नाही. "भुकेलं ठेवा. आई काय मोजत बसत नाय, मॅडम. मागणारी चोच दिसली की भरती. मागितलंच नाय तर तिला ते धोंड्यासारखंच."

निघताना ते दारात थांबले. म्हणाले, "म्हंजे आता दोनाची तीन तोंडं झाली." कोणाच्या पाखरांवर ती तीन तोंडं वाढणार होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. मी खाली बघितलं.

ठरल्या दिवशी सकाळी सातला आम्ही चढायला सुरुवात केली. लिफ्ट नाही, जिन्याला कठडा नाही. मला उंचीची भीती आहे, हे मी नोकरीत कोणाला कळू दिलं नव्हतं. भिंतीला खांदा लावून तेरा मजले चढले. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, कारण मादी डोकं फोडते. पवारबाबा मोडकी छत्री उघडून पुढे. सज्ज्याला लागून एक अर्धवट खोली होती आणि तिच्या भिंतीत परांचीसाठी सोडलेलं विटेएवढं भोक. तिथून घरटं दोन हातांवर दिसायचं. सायलीनं पिल्लाच्या एका नखाला लाल नेलपॉलिश लावलं, ओळख राहावी म्हणून. मादी उडाल्याबरोबर मी खिडकीच्या रिकाम्या जागेतून हात घालून त्याला दोघांच्या शेजारी ठेवलं, वर मूठभर त्यांचीच खडी-माती टाकली. पिसं अगदी जुळत होती. मादी कॅक-कॅक करत छत्रीवर दोनदा आदळली, मग आम्ही आत दडलो.

पाऊण तासानं ती परतली. तिघांकडे पाहिलं. तिनं चोचीनं एक खडा बाजूला केला आणि तिघांच्या शेजारी उभी राहिली. सायलीनं माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं, झालं काम.

नर शिकार घेऊन आला. दोन पिल्लांनी चोची वासल्या आणि गलका केला. मादीनं त्यांना भरवलं. आमचं पिल्लू मागे गप्प बसून राहिलं. सायलीनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी कबूल केलं, सकाळी निघताना दोन तुकडे दिले होते. गांगुर्डेकाकांनी बजावलं होतं तरी. उपाशी पाठवायला हात होईना. ती पुन्हा भोकाला डोळा लावून बसली.

साडेअकराला दुसरी शिकार आली. आता त्याला भूक असणार होती. दोघं ओरडली, मादी भरवत राहिली, आणि आमचं पिल्लू आईकडे पाठ करून आमच्या भिंतीकडे बघत बसलं. चोच बंद. मादीचं लक्षही गेलं नाही. मार्चचं ऊन सज्ज्यावर आलं तसं ते धापा टाकायला लागलं. दोन वाजता सायली म्हणाली की पाचपर्यंत पोटात काही गेलं नाही तर उचलावं लागेल, नाहीतर उद्या सकाळी ते नसेल. आणि उचललं तर दुसरं घरटं नव्हतं. पिंजरा होता, बाळ्याचाच, रिकामा.

मी खालच्या मजल्यावर जाऊन गांगुर्डेकाकांना फोन लावला. सगळं सांगितलं, पाचची मुदतही. त्यांनी विचारलं, कुणीकडं बघतंय? मी म्हटलं, भिंतीकडे, आमच्याकडे. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही चारताना आवाज करत होता ना, चुकचुक, चुकचुक. मी आलो तेव्हा ऐकलं. मला वाटलं मुद्दाम करता, आम्ही करतो तसा. ते त्या आवाजाची वाट बघतंय."

मी जिन्यावरच बसले. मला आठवेचना की मी असा काही आवाज केला. आणि मग आठवलं. लहानपणी आईवेगळ्या करडांना बाटलीनं दूध पाजताना आम्ही जीभ टाळ्याला लावून असाच आवाज काढायचो. हाताला सवय, तशी जिभेला. चार दिवस मी मोजा हातात घातला होता, तोंडाला काही बांधलं नव्हतं. पिल्लानं मोजा ओळखला नाही, माझी जीभ ओळखली. दुसऱ्यांदा तीच चूक माझ्या हातून झाली होती, आणि या वेळी नकळत.

गांगुर्डेकाका म्हणाले, "आता रडून काय करता. आई जवळ येईल तेव्हा भिंतीमागून करा. ते चोच उघडंल, ती भरंल. चारपाच वेळा. मग तोंड बंद."

उपाय मिळाला, पण शिकार यायला हवी होती. दुपारच्या उन्हात आकाश रिकामं. नर समोरच्या मोबाइल टॉवरवर डुलक्या काढत होता. तीन वाजले, साडेतीन वाजले. पिल्लाची मान खाली जायला लागली.

चारच्या सुमाराला पवारबाबांनी हात केला. "त्या बाजूला कबुतरा उठली, बघा."

सिडकोच्या गच्च्यांवर एक थवा चढत होता. पंचवीसएक पाखरं, एकत्र वळणारी, ऊन पंखांवर घेणारी. रस्त्यावरची कबुतरं अशी उडत नाहीत. ती शिकवलेली होती. गांगुर्डेकाका ससाण्याच्या विणीच्या दिवसांत पाखरं फक्त सकाळी दहा मिनिटं सोडायचे, दुपारी तर कधीच नाही, हे मी त्यांच्याच तोंडून दर महिन्याला ऐकलं होतं. टॉवरवरचा नर उठला, सूर्याच्या बाजूनं वर गेला आणि दिसेनासा झाला. मग थवा फुटला.

त्यानं आणलेलं कबूतर पांढरं होतं, शेपटीला राखी पट्टा. पायात हिरवं कडं. मादीनं ते घेतलं, पिसं उपटली. पांढरी पिसं भोकातून आमच्या पायाशी आली. दोन चोची उघडल्या, गलका सुरू झाला. मी भिंतीला तोंड लावलं. ओठ सुकून गेले होते, पहिल्यांदा आवाजच निघेना. दुसऱ्यांदा निघाला, चुकचुक.

पिल्लानं मान उचलली आणि चोच उघडून ते ओरडलं, चार दिवसांत कधी ओरडलं नव्हतं इतक्या मोठ्यानं. मादी थबकली. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग त्या चोचीकडे. तिच्या चोचीत मांसाचा धागा लोंबत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तिनं मान वाकवली आणि तो धागा तिसऱ्या चोचीत ठेवला.

मी पाच वेळा आवाज केला. सहाव्यांदा केला नाही. ते आपण होऊन ओरडलं, तिच्याकडे बघून, आणि तिनं भरवलं. सायली भिंतीला टेकून रडत होती. मीही रडले, लपवण्यात अर्थ नव्हता.

खाली उतरले तेव्हा ऊन कललं होतं. सरळ सिडकोत गेले. गांगुर्डेकाका गच्चीवर ढाबळीची जाळी पुसत होते. त्यांनी विचारलं, "खाल्लं का?" मी म्हटलं, खाल्लं. ते म्हणाले, चांगलं झालं. मी विचारलं, आज दुपारी कशी सोडली पाखरं? ते जाळी पुसतच राहिले. "बंद ठिवून ठिवून पंख जड होत्यात. म्हणून सोडली."

ढाबळीतला एक खण उघडा होता. बाहेर खडूनं राणी लिहिलेलं होतं. पांढरी, शेपटीला राखी पट्टा, सगळ्यांत शेवटी खाली उतरणारी. हे सगळं त्यांनी अर्ज आणला त्याच दिवशी मला ऐकवलं होतं, आणि मी तेव्हा घड्याळ बघत होते. मग त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली जाळी मी पुसली. अहवालात मी एवढंच लिहिलं की दत्तक पिल्लू स्वीकारले गेले, मादीने सायंकाळी चार वाजता प्रथम भरवले. कबूतर कोणाचं होतं, ते लिहायला रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी तिन्ही पिल्लं सज्ज्यावरून उडाली. पवारबाबांनी फोन करून सांगितलं की खाली एकही पडलेलं नाही, तीनदा फिरून बघितलं. त्यानंतर आणखी दोन जोड्यांच्या घरट्यांत मी अशी पिल्लं ठेवली. एका वेळी जमलं, एका वेळी नाही. भरवताना मी तोंडाला रुमाल बांधून घ्यायचे आणि नवीन पोरींनाही बांधायला लावायचे. त्यांना ते जरा विचित्र वाटायचं.

गांगुर्डेकाकांचा अर्ज मी निवृत्त होईपर्यंत फाईलमध्येच होता. शेवटच्या महिन्यात मी त्यांना म्हटलं, मागे घ्या आता, मलाही फाईल बंद करता येईल. ते म्हणाले, "कशाला? पाखरं गेली हे काय खोटं हाय? राहू द्या." अजून तिथेच असेल.

पण शेवट त्याच वर्षीच्या एप्रिलमधला आहे. एका संध्याकाळी मी त्यांच्या गच्चीवर चहा घेत होते, त्यांची पाखरं वर होती. इतक्यात शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर तीन कोवळे ससाणे येऊन बसले, एकमेकांना ढकलत. अजून धड शिकार जमत नव्हती, तरी काकांनी घाईनं ज्वारीचा डबा वाजवला. थवा वळला, एकेक करून पाखरं उतरली, आपापल्या खणात शिरली. त्यांच्या धंद्यात पाखरू हाकेला परत आलं पाहिजे. जाळी लावून ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"यातलं आपलं कोणतं?"

मी म्हटलं, एवढ्या लांबून नख कसं दिसणार.

"मग तो आवाज करा की. जे वळून बघंल ते आपलं."

टाकी हाकेच्या अंतरावर होती. कोणतं ते मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. जीभ टाळ्याला लागली होती. बाळ्या जाळीला धरून ओरडायचा तो आवाज आठवला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कप उचलला आणि उरलेला चहा हळूहळू संपवला. तेवढ्यात टाकीवरचे तिघं उडाले आणि पाथर्डीच्या दिशेनं गेले. एकानंही आमच्याकडे वळून पाहिलं नाही.